दगड कोणत्या जागीं सांपडला?

माझ्या शाळेच्या कपाटांत पुष्कळ वर्षें एक काळसर दगड पडून होता. एका विद्यार्थ्यानें तो सुटींत कोठून तरी आणला आणि मीं मोठ्या अभिमानानें त्यावर ‘आदिमानवाची हातकुऱ्हाड’ अशी चिठ्ठी डकविली. पुढें एका जाणत्या गृहस्थांनीं तो हातांत घेऊन उलटसुलट न्याहाळला. “हत्यार खरें आहे, पण हें मिळालें कोठें?” त्यांनीं विचारलें. मला सांगतां येईना. त्यांनीं तो दगड हळूच कपाटांत ठेवून दिला. त्या हळूच ठेवण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरां कळला.

हत्यार ओळखण्याची रीत शिकण्याजोगी आहे. बारीक कणांच्या कठीण दगडावर नेमका घाव बसला कीं छिलका सुटतो. छिलक्याच्या आंतल्या अंगास, घावाच्या जागेखालींच, एक लहानसा फुगवटा उठतो. आणि पाण्यांत खडा टाकल्यावर उमटाव्या तशा मंद लहरी त्याच्याभोंवतीं दिसतात. मूळ दगडावर तेथें खोलगट वण राहतो. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. पुरांत दगडावर दगड आपटूनहि छिलके उडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील केंट परगण्यांत बेंजामिन हॅरिसन या वाण्यानें ओबडधोबड चकमकीचे तुकडे गोळा केले, आणि चांगले चांगले पंडित त्यांना मानवाचीं आद्य हत्यारें मानूं लागले. १९०५ मध्यें मार्सेलँ बूल या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मांत गांवाजवळच्या सिमेंटच्या कारखान्यांत चकमकीचे गोटे यंत्रांत ढवळले गेले म्हणजे तसलींच ‘हत्यारें’ बाहेर पडतात! तेव्हां एका घावावर विसंबूं नये. घावामागून घाव एकाच धोरणानें, दोन्ही अंगांनीं, एक धार साधण्याकरितां घातलेले आहेत काय, हें पाहावें. हातकुऱ्हाडीचा तो बदामी डौल पुराच्या पाण्याला सहसा साधत नाहीं.

लबाडाला मात्र साधतो. ‘फ्लिंट जॅक’ या नांवानें गाजलेल्या एडवर्ड सिंप्सन या इंग्रज भटक्यानें संग्रहालयांच्याहि गळ्यांत बनावट हत्यारें बांधलीं होतीं. १८६२ मध्यें तर लंडनला भरसभेंत त्यानें आपली कला करूनच दाखविली. ताजा घाव ताजाच दिसतो, जुन्यावर हवापाण्यानें रंग चढलेला असतो, हा तेथें आधार. आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या हत्यारांवर तर ऊनपावसानें कधीं कधीं अशी साल चढते कीं घावच ओळखूं येत नाहींत.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतों. ३० मे १८६३ रोजीं हल्लींच्या चेन्नईजवळ पल्लावरम् येथें, जांभ्याच्या मुरुमांत, रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञास घडविलेला एक दगड मिळाला. भारतांत पुराश्मयुगीन मानव नांदत होता, याचा पहिला पुरावा तो हाच. त्याच वर्षीं सप्टेंबरांत फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अत्तिरंपाक्कम् येथें अशींच हत्यारें सांपडलीं. जागा नोंदलेली होती, म्हणून पुढील पिढ्यांस तेथें परत जातां आलें. शान्ति पप्पू व त्यांचे सहकारी यांनीं तेथें नव्यानें उत्खनन केलें. हत्यारें मातींत किती काळ पुरलेलीं होतीं याचें गणित आणि थरांतील कणांची चुंबकीय दिशा, या दोहोंवरून सर्वांत जुनीं हत्यारें सुमारे १५ लक्ष वर्षांचीं असावींत, असें त्यांनीं २०११ मध्यें प्रसिद्ध केलें. तींच हत्यारें कोणी हौशी मनुष्य पिशवींत घालून घरीं नेता, तर हें गणित मांडावयाचें कशावरून?

फूट यांनीं आपला संग्रह १९०४ मध्यें मद्रासच्या सरकारी संग्रहालयास विकला. त्याची सविस्तर यादी ते १९१२ मध्यें निवर्तल्यावर छापून निघाली. तींत गांवामागून गांव, नगामागून नग नोंदलेला आहे.

माझ्या दगडाचा तो विद्यार्थी मला मध्यंतरीं भेटला. आतां तोहि पिकल्या केसांचा झाला आहे. मीं पुन्हा विचारलें. त्यानें पुष्कळ आठवून पाहिलें. पण तो कांठ प्रवरेचा होता कीं गोदावरीचा, हें त्याला सांगतां येईना. घरीं आल्यावर मीं जुनी चिठ्ठी काढून दुसरी लाविली: ‘हातकुऱ्हाड. स्थळ अज्ञात.’