कोंबडं झाकण्याचा इतिहास

'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण आमच्या लहानपणी परीक्षेत हमखास यायची. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, गुण दोन. पण कोंबडं मुळात झाकायचं कशासाठी, हे एकाही गाईडात दिलेलं नसे. शहरातल्या पुष्कळ सुशिक्षित मंडळींची अजून अशी समजूत आहे की, पहाटेची झोपमोड होऊ नये म्हणून ते झाकतात. मला मात्र खरं कारण पाठ होतं. सावंतवाडीकडच्या आमच्या गावात ते झाकायचं खातं माझ्याकडेच होतं. कोंबडं झाकतात, ते रात्री दुसऱ्या कुणी खाऊ नये म्हणून.

हा 'दुसरा कुणी' म्हणजे कोण, हे विचारू नका. कोंबडीला शत्रू किती असावेत? वरून घार, खालून साप, कुंपणातून मुंगूस, कौलांवरून उदमांजर, रानातून कोल्हा. एवढ्यांच्या तावडीतून वाचवलेली कोंबडी शेवटी शिमग्याला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या वड्यांबरोबर जायची, ही गोष्ट वेगळी. आमच्या आत्याचं खुराडं चिऱ्यांचं होतं. त्याला दाराऐवजी एक फळी आणि फळीला टेकू म्हणून एक मोठा धोंडा. पिल्लांसाठी बांबूचं डालगं. संरक्षण खात्याचा सारा सरंजाम एवढाच!

पुढे नोकरीच्या काळात हाताशी वेळ भरपूर असल्यामुळे मी या विषयाचा इतिहास वाचून काढला. तेव्हा कळलं की, कोंबडीला पूर्वी फळीही लागत नव्हती आणि धोंडाही. तिचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो आजही आग्नेय आशियातल्या आणि आपल्या उत्तरेकडच्या रानांत आहे आणि रात्री झाडाच्या फांदीवर झोपतो. झाडावरून ही मंडळी उतरली ती माणसाच्या धान्यासाठी. २०२२ साली संशोधकांनी जुन्या हाडांचा नव्याने हिशेब मांडला. त्यात पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली ठरली, इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातली. भाताची आणि बाजरीसारख्या धान्याची शेती आली, दाणे सांडू लागले, आणि ते टिपता टिपता कोंबडी अंगणातली झाली. आपण तिला खाऊ घालून जड केलं, तिचं उडणं कमी झालं. अंधारात तिला फारसं दिसत नाहीच. म्हणजे फांदी सुटली आणि फळीची जबाबदारी आपल्या गळ्यात पडली. करारात हे कलम कुणी मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं एवढंच.

ते कलम पहिल्या शतकात एका रोमन लेखकाने मात्र नीट लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव कोलुमेला. गाव स्पेनमधलं काडिझ. शेतीवर त्याने बारा भागांचा ग्रंथ लिहिला आणि आठवा भाग कोंबड्यांपासून सुरू केला. खुराड्याच्या भिंती आतून-बाहेरून गिलावा करून गुळगुळीत करा म्हणतो, म्हणजे मांजर आणि साप चढणार नाहीत. बसायच्या दांड्या गोल नकोत, चौकोनी तासा. खुराड्यात स्वयंपाकघराचा धूर येऊ द्या, तो कोंबड्यांना मानवतो. हे वाचताना मला आत्याच्या चुलीमागचं खुराडंच दिसू लागलं. पण खरा चमकलो तो पुढे. दोनशे कोंबड्या एक माणूस सांभाळू शकेल, तो म्हणतो. मात्र भटकणाऱ्या कोंबड्या माणसांनी किंवा टपलेल्या जनावरांनी पळवू नयेत म्हणून राखणीला एखादी दक्ष म्हातारी किंवा एखादा पोरगा ठेवा.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन ग्रंथात मला आत्या सापडली. मीही सापडलो, पण मला फार आनंद झाला नाही. त्याचं कारण सांगतो.

मी सातवीत होतो. गावची जत्रा होती आणि रात्री दशावतार. पुढे बसायला जागा मिळावी म्हणून आम्ही पोरं दिवेलागणीलाच निघालो. आतून आत्याने विचारलं, "फळी लावलंस काय रे?"

"होय गे!" मी बेड्यापलीकडून ओरडलो.

लावली नव्हती.

रात्रभर संकासुराच्या उड्या पाहिल्या आणि तांबडं फुटताना घरी आलो. त्या दिवशी आमच्याकडे कोंबडं झाकलेलं नव्हतं, तरी उजाडलं ते आरवल्याशिवायच. अंगणभर पिसं होती. नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांतली एकच नेलेली, बाकीच्या खुराड्यातच मरून पडलेल्या. हे काम उदमांजराचं की रानमांजराचं, यावर वाडीत दोन तट पडले आणि ते बरेच दिवस टिकले. आत्या काहीच बोलली नाही. अंड्यांचे पैसे ती हळदीच्या डब्यात टाकायची. माझी पुस्तकं जूनमध्ये त्या डब्यातून यायची. त्या जूनमध्येही ती आली. डबा रिकामा असताना कशी आली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

एक खाल्ली आणि नऊ का मारल्या, हा प्रश्न मला फार वर्षं छळत होता. क्रूक नावाच्या डच जीवशास्त्रज्ञाने १९७२ साली नेमक्या याच प्रश्नावर लेख लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री कोल्हे जमिनीवर बसलेले कुरव पक्षी खाण्यापेक्षा कितीतरी जास्त मारून टाकत. तो म्हणतो, हा दुष्टपणा नव्हे. पोट भरलं की जनावर शिकार शोधायचं थांबतं. पण समोर आलेलं भक्ष्य पळतच नसेल, तर त्याचं मारणं थांबत नाही. एरवी बाकीचे उडून जातात, म्हणून हिशेब जमतो. चार भिंतींच्या खुराड्यातून कोण उडून जाणार? त्या जनावराची यात चूक नव्हती. भिंती आमच्या होत्या आणि उघडी फळी माझी.

माणसाने पुढे पुष्कळ सुधारणा केल्या. १८४४ साली इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बार्नार्डने कापड विणायच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणायचं यंत्र केलं. ती षट्कोनी भोकांची जाळी जगभर 'कोंबड्यांची जाळी' म्हणून गेली. तिच्यातून कोंबडी बाहेर जात नाही हे खरं. पण लहानसा उंदीर आरामात आत येतो आणि दांडगं जनावर ती फाडूनही येतं. आता तर अंधार पडला की आपोआप मिटणारी दारं निघाली आहेत. छान आहेत. पण सगळ्या कोंबड्या आत आल्या का, हे मोजायला दारापाशी कुणीतरी उभं राहावंच लागतं.

त्या जत्रेनंतर आत्या रोज स्वतः उठून फळी लावायची. गुडघे धरून वाकायची, धोंडा सरकवायची. मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. कुणीतरी दिलेल्या दोन तलंगा घरात आल्या, त्यांची अंडी सुरू झाली, पाऊस पडून गेला. मग एका संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या ती सहज म्हणाली, "जा रे, फळी लाव जा."

शाळेत पुढे मला बक्षिसं मिळाली, नोकरीत बढत्याही मिळाल्या. पण तेवढा मान पुन्हा कुणी दिला नाही. मी गेलो, कोंबड्या दोनदा मोजल्या. दोनच होत्या, तरी दोनदा मोजल्या.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. कोल्हा येण्याची शक्यता कमी. तरी झोपण्यापूर्वी मी दाराची कडी दोनदा बघून येतो. आमची ही म्हणते, "अहो, बघितलंत ना एकदा?" मी "होय" म्हणतो आणि पुन्हा एकदा बघून येतो.