'जागा आहे का?' : मुंबईच्या उपनगरांतील घरशोधाविषयी

मराठीत 'जागा' हा शब्द मोठा सोशिक आहे. जमिनीचा तुकडा, नोकरीतील पद, गाडीतील बाकाचे टोक, समाजातील स्थान आणि राहण्याचे घर, हे सारे अर्थ तो निमूटपणे वाहतो. मुंबईकर मनुष्य गेली शंभर वर्षे घर शोधत नाही, तो 'जागा बघतो'. आणि ती मिळाली की 'जागेचं काम झालं' असे सांगतो. हा शब्दप्रयोग निव्वळ सवयीचा नाही असे आम्हांस वाटते. उपनगरात घर मिळवणे हा मागणी-पुरवठ्याचा खेळ आहे, ज्याच्या गाठीला पैसा त्याला घर, असे सर्रास सांगितले जाते. परंतु या शोधाचा इतिहास पाहू लागले की पैशाच्या प्रश्नाआधी दुसराच एक प्रश्न उभा असलेला दिसतो: आपण कोण? आडनाव काय? आपली समाजातील 'जागा' कोणती?

मराठी साहित्याने चाळीवर भरभरून लिहिले. चाळीतून बाहेर पडण्यासाठी वणवण करणाऱ्याकडे मात्र त्याचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. म्हणून ही थोडी उजळणी.

आरंभ प्लेगापासून करणे भाग आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली 'बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेस नवी वसाहत आखणे ही त्याची कामे. दादर, माटुंगा, शीव हा परिसर त्या वेळी उपनगरच. ट्रस्टने तेथे भूखंड आखले, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत तेथे तीन-चार मजली इमारती उभ्या राहू लागल्या. निखिल राव यांच्या 'हाउस, बट नो गार्डन' (२०१३) या इंग्रजी ग्रंथाने या घडामोडीचा बारकाईने मागोवा घेतला आहे. बंगला आणि बाग असलेले उपनगर कल्पनेत होते. प्रत्यक्षात मध्यमवर्गीयांच्या वाट्याला आला तो 'ब्लॉक'. स्वयंपाकघर, मोरी आणि (हेच महत्त्वाचे) संडास आपल्याच दाराच्या आत असलेला खोल्यांचा संच. संडास घरात घेणे ही सोवळ्या-ओवळ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला सामायिक असे, आणि सामायिकपणात शेजाऱ्याची जात ठाऊक असणे जणू आवश्यकच मानले जाई. ब्लॉकने दार लावून घेण्याची सोय केली. मग जातीची चौकशी थांबायला हवी होती. ती संडासापाशी थांबली. इमारतीच्या फाटकाशी सुरूच राहिली.

दादर-माटुंग्याच्या वसाहतींची नावेच पाहावीत: पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. माटुंग्याला तमिळ मंडळींची दाट वस्ती झाली. सहकाराच्या तत्त्वाचेही तसेच. मुंबईतील आद्य सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक म्हणजे गावदेवीची सारस्वत मंडळींची संस्था, १९१५ सालची. वांद्र्याची 'साल्सेट कॅथलिक' सोसायटी १९१८ सालची. पुढे सांताक्रूझला सारस्वत कॉलनी झाली. या संस्थांनी जे केले ते थोर होते, हे निर्विवाद. नफेखोर घरमालकाच्या तावडीतून त्यांनी कारकून-मास्तरांची सुटका केली, हप्त्याने घर घेण्याचा मार्ग दाखवला. पण त्यांच्या घडणीचे सूत्र उघड होते. ज्यांच्यावर विश्वास टाकायचा ती माणसे आधीच एकमेकांना ओळखणारी, एका ज्ञातीची अथवा एका चर्चची. पतपेढीचा विश्वास आणि ज्ञातीचा विश्वास येथे एकाच वहीत जमा झाला. ज्याला अशी वही नव्हती त्याने कोठे जावे?

याचे उत्तर आपल्या साहित्यात आहे, फक्त आपण ते 'घरशोधाचे साहित्य' म्हणून वाचत नाही. डॉ. आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून परतले आणि बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारश्यांचा घोळका आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मिळतो का ते त्यांनी पाहिले; दोघांनीही अडचणी सांगितल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मपर टिपणांत हे सारे आले आहे. पगार होता, पद होते, पदव्या होत्या; तरीही जागा नव्हती. मुंबईत ते परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे त्याच इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, अनेक वर्षे राहिले. आणि १९३०च्या दशकात त्यांनी घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. 'राजगृह'. ग्रंथसंग्रहासाठी आखलेले घर म्हणून त्याचे कौतुक होते ते योग्यच. पण बडोद्याच्या पथिकाश्रमातून निघालेला मनुष्य त्या काळच्या उपनगरात, आणि तेही त्या नावाच्या वसाहतीत, स्वतःचे घर बांधतो हा मजकूर आम्हांस पुस्तकांइतकाच वाचनीय वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीने चित्र पालटले. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीतील लोकसंख्या १९४१ साली सुमारे १८ लाख होती, ती १९५१ साली सुमारे ३० लाख झाली. दहा वर्षांत बारा लाख माणसे वाढली आणि बांधकाम साहित्य युद्धात गेलेले. अशा वेळी १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानून गोठवले गेले. हेतू चांगला होता. भाडेकरूला रस्त्यावर काढता येऊ नये, हा. परिणाम मात्र चमत्कारिक झाला. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला, म्हणून तशा इमारती बांधल्या जाईनाशा झाल्या. आणि जुन्या इमारतींत 'पागडी' रूढ झाली.

पागडीची रीत नव्या पिढीच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावी लागते, कारण तिच्यात मालक कोण आणि भाडेकरू कोण हेच कळेनासे होते. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई. तिच्यातला एक हिस्सा घरमालकाला जाई, कारण नव्या नावाची भाडेपावती त्यानेच फाडायची असे. कायद्याने हा गुन्हा होता, म्हणून सारा व्यवहार रोखीत. भाडे दरमहा दहा-वीस रुपये, पागडी हजारांत. भाडेकरू निम्मा मालक झाला आणि मालक आपल्याच इमारतीचा पावती-कारकून. डोक्यावर बांधायची प्रतिष्ठेची वस्तू आणि टेबलाखालून द्यायची रक्कम यांना मराठीने एकच शब्द द्यावा, यावर भाष्य करण्याची गरज नाही. ज्या पांढरपेशा वर्गाला आपल्या सचोटीचा अभिमान होता, त्याला बेकायदा व्यवहाराचा पहिला धडा बहुधा या जागेच्या शोधातच मिळाला. पावतीविना दिलेल्या रकमेवर भरवसा कसा ठेवायचा? पुन्हा ओळखीवर. मामांच्या कचेरीतले गृहस्थ, गावाकडची मंडळी, ज्ञातीचा कोणी. कायद्याने ज्या व्यवहाराला संरक्षण नाकारले, त्याला आडनावाने हमी दिली.

१९७३ साली 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्या तोवरच्या परवानाधारकांनाही संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या धड्याने ज्यांच्याकडे रिकामी घरे होती त्यांनी ती कुलपात ठेवणे पसंत केले. अकरा महिन्यांच्या कराराची सवय मुंबईच्या हाडीमाशी खिळली ती अशा भयातूनच. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने पागडीला राजरोस मान्यता दिली. अर्धशतकाचा गुन्हा एका कलमाने व्यवहार झाला.

या काळात आपले साहित्य काय करीत होते? पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. चाळ संपत चालल्याची हुरहुर तिच्या अखेरच्या चिंतनात आहे, आणि ती खोटी नाही. परंतु तिच्या वाचकवर्गापैकी अनेकजण तेव्हा पार्ल्यात, मुलुंडात, डोंबिवलीत ब्लॉक शोधत होते. चाळीविषयी प्रेम वाटण्यासाठी चाळीतून बाहेर पडण्याची सोय व्हावी लागते. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) हा चित्रपट त्या मानाने अधिक सरळ बोलतो: भरल्या घरात नवविवाहित दांपत्याला एकांताची जागा नाही, एवढीच त्याची गोष्ट. बासू चतर्जी यांनी त्यावरून 'पिया का घर' (१९७२) केला. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार'चे तर नावच बिऱ्हाडाचे आहे. एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जाणारा चांगदेव पाटील आपण अस्तित्वविषयक प्रश्नांचा नायक म्हणून शिकवतो. तो भाड्याच्या खोल्यांचाही नायक आहे, हे वर्गात सांगायचे राहून जाते.

लेखक स्वतःही घर शोधतच होते. वांद्रे पूर्वेची 'साहित्य सहवास' ही लेखकांची सहकारी वसाहत त्याची साक्ष. विंदा करंदीकर तेथे राहत, कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर राहत. शेजारीच कलावंतांचे कलानगर, पलीकडे पत्रकारांची वसाहत. ज्ञातीऐवजी व्यवसाय हा येथे विश्वासाचा आधार झाला, ही पुढची पायरी खरीच. गंमत अशी, की मराठी लेखकाला उपनगरात घर मिळाले तेही 'आपल्यांतला' म्हणूनच. (हा टोमणा नाही, खुल्या बाजारात कवितेच्या मानधनावर काय मिळाले असते याचा हिशेब कोणीही करावा.)

१९५० आणि १९५७ साली शहराची हद्द वाढत दहिसर-मुलुंडापर्यंत गेली. विजेची गाडी बोरिवलीला १९२८ सालीच पोहोचली होती, विरारला १९३६ साली. भाड्याची घरे बांधली जात नव्हती, म्हणून बांधून विकण्याची पद्धत आली आणि 'ओनरशिप' हा शब्द मराठी झाला. १९६३च्या ओनरशिप फ्लॅट कायद्याची प्रत चाळावी. काय काय घडत होते ते मनाईच्या कलमांतून कळते. जमिनीचा हक्क दाखवा, मंजूर नकाशे दाखवा, वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्याआधी करार नोंदवा, सोसायटी स्थापन करा, जमीन तिच्या नावे करून द्या. या शेवटच्या कलमाकडे इतके दुर्लक्ष झाले की २००८ साली 'मानीव अभिहस्तांतरण' नावाची तरतूद करावी लागली. आपण ज्या घरात तीस वर्षे राहिलो त्याची जमीन आपली नव्हतीच, हे अनेक सोसायट्यांना फार उशिरा उमगले.

भीमसेन यांचा 'घरौंदा' (१९७७) याच काळाचा. एका कचेरीतील तरुण-तरुणी लग्नाआधी घर घ्यायला निघतात, पैसे भरतात आणि बिल्डर परागंदा होतो. त्यानंतर त्या तरुणाला जे सुचते, म्हणजे प्रेयसीने आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करावे, ते कमालीचे हीन आहे. आणि चित्रपट ते हीनच दाखवतो, पण अशक्य दाखवत नाही. जागेच्या टंचाईने माणसाच्या मनाचे काय होते, याविषयी इतका निष्ठुर विचार आमच्या पाहण्यात मराठी कथेतही क्वचितच आला. त्याच १९७७ साली गृहकर्जासाठी एचडीएफसी स्थापन झाली. आडनावाच्या जागी पगाराची स्लिप आली. ओळख आता बँकेलाही पटवावी लागे, पण निदान ती कागदाची ओळख होती. नागरी कमाल जमीनधारणेचा १९७६चा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. 'कार्पेट', 'बिल्टअप', 'सुपर बिल्टअप' अशी एकाच खोलीची तीन मापे प्रचलित झाली; २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या बांधून दिली आणि करारापूर्वीच्या रकमेची मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. मोजमाप सुधारले, हे कबूल.

फाटकावरचा प्रश्न मात्र टिकून आहे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याचा सहकारी संस्थेचा उपनियम वैध ठरवला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य हा त्यामागचा तर्क. तो कायद्याच्या भाषेत सुसंगत असेलही. आम्हांस तो १९१५ची वही पुन्हा उघडल्यासारखा वाटतो, आणि या वेळी हप्त्याने घर घेणाऱ्या गरजू कारकुनाची सबबही जवळ नाही. मुंबईच्या उपनगरांत आज हा प्रश्न सभासदत्वाच्या अर्जात विचारला जात नाही. तो दलाल फोनवर विचारतो, आणि बहुधा आहाराच्या रूपात विचारतो.

आता 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आठवावा. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून घेतलेला हा चित्रपट पुण्यात घडतो, पण त्याची अडचण मुंबईकराला परकी नाही. घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चौघांतले दोघे लुगडी नेसतात. महाराष्ट्राला या चित्रपटाचे संवाद पाठ आहेत. जागेसाठी आपण जे नाही ते असल्याचे सोंग घ्यावे लागते, या गोष्टीवर आपण गेली कित्येक वर्षे मनमुराद हसत आहोत. ते चार तरुण पडद्यावर सोंग उतरवून मोकळे होतात. बडोद्याच्या पथिकाश्रमातील नोंदवहीत पारशी नाव लिहिणाऱ्याची गोष्ट त्याच जातीची आहे, फक्त ती आपण विनोदी वाङ्मयात गणत नाही.