टपालकचेरींतील धनको



सरळव्याजाचीं उदाहरणें आपण सर्वांनींच सोडविलीं आहेत. त्यांत रामा गोविंदाला कर्ज देई. परंतु टपालकचेरीच्या बचत-बँकेंत ठेवलेली रक्कम हेंहि कर्जच होय, व तेथील ऋणको प्रत्यक्ष सरकार, हें वर्गांत कोणी सांगत नसे. मीं तरी कधीं सांगितलें नाहीं.

ही बँक १८८२ सालीं देशभर सुरू झाली. गृहस्थाच्या लेखीं ती एक भक्कम तिजोरी होती. सरकारच्या हिशेबांत मात्र तीच ठेव कर्जाच्या सदरांत पडे.

१९१७ सालीं हें नातें थोडें उघड झालें. महायुद्धासाठीं हिंदुस्थानच्या नांवें ब्रिटनला दहा कोटी पौंडांची देणगी जाहीर झाली आणि तिच्यापायीं युद्धकर्ज उभारण्यांत आलें. धनिकांसाठीं रोखे होते. सामान्य कुटुंबांसाठीं टपालकचेरींत पांच वर्षांचीं कॅश सर्टिफिकिटें आलीं. पावणेआठ रुपये भरावे, मुदतीअखेर दहा घ्यावे. चक्रवाढीनें हा दर शेंकडा सव्वापांचाच्या आसपास पडतो; हौस असल्यास पडताळून पाहावें. हिशेब चोख होता. पण ज्यांच्या नांवें देणगी दिली, त्यांची संमति कोणीं घेतली होती?

डिसेंबर १९२२ मध्यें गयेच्या काँग्रेसनें ठराव केला कीं, या कायदेमंडळांच्या अधिकारानें यापुढें काढलेल्या कर्जास स्वराज्यांतील जनता बांधलेली राहणार नाहीं. कराची काँग्रेसनें १९३१ सालीं नेमलेल्या समितीनें जुनीं खातींहि उकरलीं. बहादुरजी, भुलाभाई देसाई, के. टी. शहा व कुमारप्पा हे तिचे सभासद. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्या माथीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागीदारांना शंभरास दोनशें देऊन मोकळें केलें, तो भारहि आमच्याच माथीं! हा आक्षेप मला पूर्णपणें न्याय्य वाटतो. तथापि त्यांतून एक अवघड प्रश्न निघे: सरकारचें कर्ज नाकारावयाचें, तर एखाद्या विधवेच्या सर्टिफिकिटाचें काय?

घरोघरच्या लोकांनीं ठराव वाचले असोत वा नसोत, धोका त्यांना कळत होता. १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडतांच टपालकचेऱ्यांतून ठेवी काढून घेण्यासाठीं रीघ लागली. हातीं आलेला चांदीचा रुपया लोक दडवूं लागले. अखेर गरजेपेक्षां अधिक रुपये सांठविणें हा सरकारनें गुन्हा ठरविला आणि एक रुपयाची नोट पुन्हां काढली.

त्या अवघड प्रश्नाचें उत्तर डिसेंबर १९४७ मध्यें, फाळणीच्या वाटणींत मिळालें. अविभक्त हिंदुस्थानच्या समग्र कर्जाची जबाबदारी भारतानें प्रथम आपल्या शिरावर घेतली. पाकिस्ताननें आपला साडेसतरा टक्के वाटा भारतास हप्त्यांनीं द्यावयाचा ठरला. ते हप्ते आले नाहींत. भारत सरकारच्या अंदाजपत्रकांत ही रक्कम, तीनशें कोटी रुपये, पुढें वर्षानुवर्षें येणें म्हणून दाखविली जात असे. विधवेचें सर्टिफिकीट मात्र बुडालें नाहीं.