गार्डन ट्रॅक्टरचा वेगबदल

गार्डन ट्रॅक्टरचा वेगबदल म्हणजे इंजिनापासून मागील चाकापर्यंतच्या शक्तिवहनातील गुणोत्तर बदलून ट्रॅक्टरचा जमिनीवरील वेग वाढविणे किंवा कमी करणे होय. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरांवर हा बदल प्रामुख्याने केला जातो. कामाच्या गरजेनुसार त्याची दिशा ठरते : माती भुसभुशीत करणे व बर्फ उडविणे यांसाठी वेग कमी लागतो, तर माल वाहून नेण्यासाठी तो अधिक हवा असतो.

व्याप्ती

घराभोवतीची हिरवळ कापणे, छोट्या वाफ्यांची मशागत करणे व बर्फ हटविणे या कामांसाठी बनविलेल्या, साधारण ७ ते २० अश्वशक्तीच्या चारचाकी यंत्रास गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत चालणारे लहान ट्रॅक्टर हे डिझेल इंजिनाचे शेती ट्रॅक्टर असून त्यांचा वर्ग वेगळा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट, व्हील हॉर्स आणि १९६३ मध्ये बाजारात आलेला जॉन डियर ११० ही गार्डन ट्रॅक्टरची परिचित उदाहरणे होत. यांपैकी अनेक यंत्रे आजही वापरात आहेत.

वेगाचे गणित

ट्रॅक्टरचा वेग तीन गोष्टींवर अवलंबून असतो : इंजिनाचे मिनिटागणिक फेरे, इंजिन व चाक यांमधील एकूण गुणोत्तर आणि चाकाचा परीघ. इंजिनाच्या फेऱ्यांना एकूण गुणोत्तराने भागले असता चाकाचे फेरे मिळतात. त्यांना मीटरमधील परिघाने व ६० ने गुणून १००० ने भागले की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो.

उदाहरणादाखल, एका काल्पनिक ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेते. इंजिनावरील पुली ४ इंचांची व गिअरपेटीवरील पुली १० इंचांची आहे, म्हणजे पट्ट्याचे गुणोत्तर २.५ होते. वरच्या गिअरमध्ये गिअरपेटीचे गुणोत्तर १६ धरल्यास एकूण गुणोत्तर ४० येते. चाक मिनिटाला ९० फेरे घेते आणि परीघ १.७५ मीटर असल्यास वेग ताशी सुमारे ९.५ किलोमीटर होतो. इंजिनावरील पुली ५ इंचांची केली, तर एकूण गुणोत्तर ३२ व वेग ताशी सुमारे ११.८ किलोमीटर होईल. मात्र हा २५ टक्क्यांचा फरक पहिल्या गिअरला व रिव्हर्स गिअरलाही लागू होतो. त्यामुळे रस्त्यावर सोयीचा वाटणारा बदल मशागतीच्या वेळी अडचणीचा ठरतो.

केवळ अॅक्सिलरेटर कमी करून संथ वेग मिळविणे बहुधा उपयोगाचे नसते. कापणीची पाती व बर्फ उडविणारे यंत्र त्याच इंजिनावर चालतात आणि त्यांना पूर्ण फेरे लागतात. म्हणूनच इंजिन पूर्ण फेऱ्यांवर ठेवून गिअरद्वारे वेग कमी करण्याची व्यवस्था महत्त्वाची ठरते.

पद्धती

पुली बदलणे : पट्ट्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी हा सर्वांत सोपा व कमी खर्चाचा उपाय आहे. गुणोत्तर काढताना पुलीचा बाहेरचा व्यास न धरता, पट्टा ज्या व्यासावर प्रत्यक्ष चालतो तो धरावा लागतो. पुलीबरोबर पट्ट्याची लांबीही बदलते. पुली फार लहान केल्यास पट्ट्याची पकड घटते व तो घसरून तापतो.

मूळ रचना कोणती आहे, यावर या उपायाची शक्यता अवलंबून असते. कब कॅडेटच्या पहिल्या नमुन्यात इंजिन व गिअरपेटी यांमध्ये पट्टा होता. १९६३ मधील ७० व १०० या नमुन्यांपासून त्याची जागा सरळ दांड्याने घेतली. अशा ट्रॅक्टरांत बदलण्यासाठी पुलीच नसते.

टायर बदलणे : मागील टायरचा व्यास २३ इंचांवरून २६ इंच केल्यास वेग सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. परंतु केवळ मागची चाके मोठी केल्याने ट्रॅक्टर पुढे झुकतो व कापणीच्या पात्यांची पातळी बिघडते. टायर मडगार्डला घासणार नाही, हेही पाहावे लागते.

क्रीपर गिअर : मुख्य गिअरपेटीच्या आधी जोडलेल्या या संचामुळे प्रत्येक गिअरचा वेग बराच खाली येतो. कब कॅडेटच्या गिअरयुक्त नमुन्यांसाठी तो जोडसाहित्य म्हणून मिळत असे. व्हील हॉर्सच्या ‘आठ वेगांच्या’ गिअरपेटीत तीन पुढचे व एक मागचा असे चार गिअर संथ व जलद अशा दोन श्रेणींत मिळत. म्हणजे प्रत्यक्षात पुढचे सहा व मागचे दोन वेग उपलब्ध असत.

व्हेरिएटर : जॉन डियर ११० च्या पुढील आवृत्त्यांत दोन पट्ट्यांमधील दुभागी पुलीची तबकडी सरकवून गुणोत्तर बदलता येई. अशा ट्रॅक्टरचा वेग कमी झाल्यास पुली बदलण्याआधी झिजलेले पट्टे व जोडांची ठेवण तपासावी लागते.

हायड्रोस्टॅटिक रचना : यात तेलाच्या पंपाद्वारे वेग नियंत्रित होतो. पंपाचे फेरे निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे नेल्यास तेल तापते व पंपाची झीज वाढते.

यांत्रिक परिणाम

वेग व ओढण्याची शक्ती यांचे नाते व्यस्त असते. वरील उदाहरणात वेग २५ टक्क्यांनी वाढताच चाकावरील पीळ मूळच्या ८० टक्क्यांवर येतो, त्यामुळे चढावर इंजिन दमते. याउलट क्रीपर गिअरमध्ये पीळ अनेक पटींनी वाढतो. चाकांत वजन भरून व साखळ्या लावून पकड वाढविली असेल, तर चाक घसरण्याऐवजी मागच्या अॅक्सलचे दाते किंवा दांडे तुटू शकतात. म्हणून क्रीपर गिअर हा संथ कामासाठी आहे, जड ओझे ओढण्यासाठी नव्हे.

सुरक्षितता

ट्रॅक्टरची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा शोषावी लागते. जुन्या गार्डन ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुधा मागील चाकांपुरतेच असतात व ते मूळ संथ वेगासाठी बनविलेले असतात. स्प्रिंगांचा अभाव, आखूड बांधा व हलकी पुढची चाके यांमुळे वाढलेल्या वेगात वळणावर किंवा उतारावर ट्रॅक्टर उलटण्याचा धोका वाढतो. उतारावर इंजिनाचा रोधही पूर्वीपेक्षा कमी मिळतो.

गव्हर्नर काढून किंवा बिघडवून वेग वाढविणे सर्वाधिक धोक्याचे आहे. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत वापरलेल्या कोहलर के मालिकेच्या इंजिनांची मर्यादा मिनिटाला ३६०० फेऱ्यांची होती. त्यापलीकडे अॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड तुटू शकतो आणि बिडाचे फ्लायव्हील फुटून त्याचे तुकडे उडू शकतात. कापणीची पातीही त्याच प्रमाणात जोरात फिरतात. अमेरिकन मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा अधिक असू नये.

वेगासाठी यंत्रे बदलण्याचा खेळही अस्तित्वात आहे. ब्रिटनमध्ये १९७३ पासून हिरवळ कापणाऱ्या यंत्रांच्या शर्यती होतात. त्यांत पाती काढून टाकणे बंधनकारक असते.

बदलापूर्वीची पाहणी

मूळ वेग मिळत नसल्यास गुणोत्तराला हात लावण्याआधी पट्ट्याची घसरण, क्लचची झीज, इंजिनाचे प्रत्यक्ष फेरे व टायरमधील हवा तपासली जाते. अनेकदा ट्रॅक्टर मंदावण्याचे कारण यांतच सापडते. बदल केल्यास मूळ पुली, पट्टा व त्यांची मापे जपून ठेवणे हितावह असते, कारण जुन्या नमुन्यांचे सुटे भाग पुन्हा मिळणे कठीण असते. नव्या वेगाची पहिली चाचणी सपाट, मोकळ्या जागी, पाती बंद ठेवून व ब्रेक तपासून घेतली जाते.