एल्फिन्स्टन महाविद्यालय, मुंबई

पश्चिम भारतातील सर्वांत जुन्या शासकीय महाविद्यालयांपैकी एक. दक्षिण मुंबईत काळा घोडा चौकात, महात्मा गांधी मार्गावर, जहांगीर कलादालनासमोर त्याची दगडी, कमानदार इमारत उभी आहे. महाविद्यालय आज सरकारी असले, तरी त्याचा आरंभ लोकवर्गणीतून झाला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी निघाले, तेव्हा शहरातील धनिकांनी व संस्थानिकांनी त्यांच्या नावाने निधी जमवला. इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य शास्त्रे शिकवणारे प्राध्यापक आणावेत, असा विचार त्यामागे होता. या दूरदृष्टीचे श्रेय मुंबईकरांना द्यावेच लागते.

आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार आणि जॉन हार्कनेस हे पहिले दोन प्राध्यापक १८३५ मध्ये विलायतेहून आले. त्याच सुमारास ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली होती. सुरुवातीचे वर्ग टाउन हॉलमध्ये भरत. संस्थेचे नाव एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन असे होते आणि शाळा व महाविद्यालय एकाच छत्राखाली चाले. १८५६ मध्ये दोन्ही वेगळी झाली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर महाविद्यालय त्याला संलग्न झाले.

याच संस्थेत शिकलेले दादाभाई नौरोजी पुढे तेथेच गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ते पद मिळवणारे ते पहिले भारतीय. वर्गाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व द्यायला हवे ते १८४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ला. तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभांत तरुण निबंध वाचत, वाद घालत आणि स्वभाषेत शास्त्रीय विषय मांडत. तेवढ्यावर न थांबता या विद्यार्थ्यांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. आपला अभ्यास सांभाळून ते तेथे विनावेतन शिकवत आणि मुली पाठवाव्यात म्हणून घरोघरी जाऊन आईबापांची मनधरणी करत. मुंबईच्या स्त्रीशिक्षणाचा पाया घालण्यात या विशी-पंचविशीतल्या मुलांचा वाटा फार मोठा आहे.

मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक, १८६२ मध्ये याच महाविद्यालयातून बाहेर पडले. ॲरिस्टॉटलचे अभ्यासक सर अलेक्झांडर ग्रँट तेव्हा प्राचार्य होते. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठ्यांना झुकते माप दिले, म्हणून ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती काही महिने रोखल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. मात्र हेच रानडे पुढे काही वर्षे येथे प्राध्यापकही होते. कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू विल्यम वर्ड्‌स्वर्थ हेही येथील गाजलेले प्राचार्य. फिरोजशाह मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, जमशेटजी टाटा आणि गोपाळ कृष्ण गोखले हे येथील विद्यार्थी.

बाबासाहेब आंबेडकर १९०८ मध्ये येथे दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर त्यांचे शिक्षण झाले. प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके आणि कपडे देत. त्याच आवारातला उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांना चहा तर सोडाच, पाणीसुद्धा देत नसे, अशी नोंद धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. उदारमतवादाचे माहेरघर म्हणून या महाविद्यालयाचा गौरव करताना ही नोंद वगळता येणार नाही. १९१२ मध्ये आंबेडकर बी. ए. झाले.

वास्तूंची कथाही सांगण्याजोगी आहे. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून भायखळ्याला राणीच्या बागेसमोर महाविद्यालयाची पहिली स्वतंत्र इमारत झाली. १८७१ मध्ये वर्ग तेथे गेले. पण ती जागा तेव्हाच्या शहरापासून लांब पडे. सध्याची इमारत मुळात सरकारी छापखान्यासाठी बांधायला घेतली होती. ती १८८८ मध्ये महाविद्यालयाला मिळाली. जेम्स ट्रबशॉ आणि खानबहादूर मंचेरजी मर्झबान यांची नावे तिच्या रचनेशी जोडलेली आहेत. भायखळ्याच्या वास्तूत पुढे व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट भरू लागली. ती संस्था माटुंग्याला गेल्यावर तेथे रेल्वेचे रुग्णालय आले. त्या रुग्णालयाला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे.

काळा घोड्याच्या इमारतीतच महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार आहे. मुंबई इलाख्याच्या कारभाराचे दप्तर चाळायला देशोदेशींचे संशोधक तेथे येतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना असा शेजार क्वचितच लाभतो. इतिहासाच्या वर्गांनी त्याचा आजच्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोग करून घ्यावा, असे वाटते. २०१९ मध्ये विज्ञान संस्था, सिडनहॅम महाविद्यालय आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय यांच्यासह एल्फिन्स्टन महाविद्यालय डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात समाविष्ट झाले.