झिजता झिजता

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या घरांमध्ये माळ्यावरून सहाण खाली उतरते. चंदनाचे खोड उगाळून संपले की बाजारातून दुसरे आणतो, सहाण मात्र तीच राहते. मधोमध खळगा पडलेली, गुळगुळीत. माणूस चंदनासारखा झिजला असे आपण म्हणतो. सहाणही झिजते याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ही सहाण कोणत्या पिढीने दक्षिणेतून आणली, हे सांगू शकणारी माणसे आता घरात नाहीत.

आपण माळव्यात आलो त्याची तारीख मात्र इतिहासाला ठाऊक आहे. 29 नोव्हेंबर 1728 रोजी धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला आणि माळव्याचे दार उघडले. पुढे धारला पवारांची गादी झाली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. शिलेदारांमागून कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य आले, आणि त्यांच्याबरोबर पाटावरवंटे व सहाणा आल्या. धारच्या किल्ल्याशी आपले नाते तर पेशवाईच्या शेवटापर्यंत पोहोचते. आनंदीबाई तिथे आश्रयाला होत्या आणि 1775 साली तिथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला.

पण आम्हाला सांगायचे आहे ते धारच्या लाटेबद्दल. लाट मशीद दिलावरखान घोरीने 1405 मध्ये बांधली. तिच्याजवळ लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. तिन्ही जोडले तर लांबी तेरा मीटरच्या आसपास, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाच्या पावणेदोनपटीहून जास्त. वजन सुमारे सात टन. परंपरेने हा स्तंभ भोजराजाच्या काळातला मानतात. तो मोडला कसा, हे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. गुजरातच्या बहादूरशहाला तो उचलून न्यायचा होता. त्या खटाटोपात तो पडला आणि मोडला. त्याआधी किती शतके तो ऊनपावसात उभा होता कोण जाणे, तरी गंजाने त्याला खाल्ले नाही. दक्षिणेच्या स्वारीवर निघालेल्या अकबरानेही त्यावर फारसी लेख कोरवून घेतला.

बादशहांनी ज्याचा मान ठेवला त्याची झीज कोणी केली? गावातल्या पोरांनी. सर्वांत मोठा तुकडा 1980 च्या सुमारापर्यंत मशिदीबाहेर तिरका पडलेला होता आणि येणारेजाणारे त्याची घसरगुंडी करीत. बसून बसून, घसरून घसरून लोखंड आरशासारखे चकाकू लागले. पुढे पुरातत्त्व खात्याने तिन्ही तुकडे ओट्यावर आडवे ठेवले. धारमधल्या आमच्या वडीलधाऱ्यांपैकी जे त्यावरून घसरले असतील, त्यांना आम्ही दोष देणार नाही. दगडाला हात लावू नका असे सांगणारी पाटी तेव्हा नव्हती, आणि असती तरी मराठी पोरांनी ती वाचली असतीच असे नाही.

देवासला झिजले ते वेगळेच. दोन पात्यांचे राज्य एकाच गावात. मुख्य रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकटीची. दोन्हीकडे पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्था निराळी. ‘पॅसेज टू इंडिया’ लिहिणारे फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस होते. पुढे या गावावर त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नावच टेकडीवरच्या देवीवरून आहे. 1948 मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. आज त्या रस्त्यावर उभे राहून हद्द कुठे होती हे दाखवा म्हटले, तर म्हातारा माणूससुद्धा डोके खाजवील. ही झीज आम्हाला मुळीच वाईट वाटत नाही. त्याच 1948 साली क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि अंथरुणात पडल्या पडल्या माळवी बायकांची गाणी ऐकत राहिले. ती गाणी त्यांच्या गायकीत मुरली. तिथे मराठी आणि माळवी यांच्यातली हद्द पुसट झाली, आणि आपले काहीच बिघडले नाही.

घरातली झीज मात्र बोचते. पाऊस आता ‘पडून राहिला आहे’, भाजीची सब्जी केव्हाच झाली. नातवंडे आत्याला ‘बुआ’ अशी हाक मारतात, तेव्हा आजीला वाटते दारात कोणी कीर्तनकार बुवा आले. आरतीत ‘संकटी’चे ‘संकष्टी’ झाले आहे. ते मात्र पुण्यामुंबईतही झाले आहे, तेव्हा त्याचे खापर हिंदीवर फोडता येणार नाही. पायांनी पायरी झिजते तसा तोंडांनी शब्द झिजतो, आणि टेकडीची पायरी झिजली म्हणून देवीला जाणे कोणी सोडत नाही. रोज बोललेली, थोडी घासलेली मराठी आम्हाला चालेल.

मोडीचे तसे नाही. संस्थानांची दप्तरे, घरचे हिशेब, वतनाचे कागद, सगळे मोडीत. ती वापरून झिजली नाही, वापर थांबला म्हणून गेली. संस्थाने विलीन झाल्याची तारीख सांगता येते. घरातला मोडी वाचणारा शेवटचा माणूस कधी गेला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

मागच्या वर्षी आमच्यातल्या एकांनी ट्रंकेच्या तळाशी सापडलेला कागद मंडपात आणला. वतनाची सनद असेल म्हणून सगळे गोळा झाले. पुण्याला मोडी शिकलेली एक नात सुट्टीवर आली होती. तिने अर्धा तास घालवून चार ओळी लावल्या. तेल, गूळ, नारळ, भटजींची दक्षिणा. उत्सवाचा खर्च निघाला. कोणत्या सालचा, ते पाचव्या ओळीत असावे. ती ओळ नेमकी घडीवर आली होती आणि तिथली शाई झिजून गेली होती. तो कागद आता घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवला आहे.