मुखत्यारीचा शिक्का

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली, तेव्हा कोणाच्या दप्तराला कोणी हात लावावा, हा राज्यकारभारातला पुरातन प्रश्न यंत्राच्या पोटातही उपस्थित झाला. एमआयटीतील जॅक डेनिस व अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ साली त्याचे जे उत्तर सुचविले, ते मला अद्यापही सर्वांत निर्मळ वाटते. प्रत्येक प्रक्रियेला, म्हणजे चालू अवस्थेतील प्रोग्रामला, कोणत्या वस्तूवर कोणता व्यवहार करता येईल हे नेमके सांगणारी सनद द्यावी; ती सनद तिने गरजेपुरती दुसऱ्या प्रक्रियेच्या हवाली करावी; आणि सनदेबाहेरचे काही कोणाला करताच येऊ नये, अशी ती योजना होती. तिला त्यांनी ‘केपेबिलिटी’ हे नाव दिले.

प्रसार मात्र वेगळ्याच युक्तीचा झाला. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून जी युनिक्स प्रणाली घडविली, तीत सर्वाधिकार ‘सुपरयूजर’ नामक एकाच धन्याच्या ठायी एकवटलेले होते. परंतु स्वतःचा पासवर्ड बदलू पाहणाऱ्या सामान्य माणसालाही त्या धन्याच्याच फाइलीत एक ओळ फिरवावी लागे, आणि दर वेळी एवढ्यासाठी धन्याकडे धाव घेणे अर्थातच शक्य नव्हते. रिची यांनी यावर अवघ्या एका बिटाची तोड काढली. प्रोग्रामच्या फाइलीवर ‘सेटयूआयडी’ची खूण असली, की तो चालविणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. नवी डिरेक्टरी निर्माण करणारी साधी आज्ञासुद्धा प्रारंभी याच मार्गाने काम करी. या कल्पनेच्या पेटंटासाठी १९७३ मध्ये अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मंजूर झाले आणि पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. इतकी स्वस्त आणि इतकी चतुर युक्ती विरळाच. पण एका दाखल्यावर सही हवी असताना कारकुनाच्या हाती सरकारची मोहोरच सोपवावी, तसा हा प्रकार होता.

अशा कारकुनाची फसगत कशी होते, याची नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली सांगितलेली आणि त्यांच्याच मते जवळजवळ खरी असलेली हकीकत मोठी उद्बोधक आहे. टाइमशेअर कंपनीच्या यंत्रावरील फोरट्रान कंपायलरला वापराची आकडेवारी नोंदविता यावी, म्हणून स्वतःच्या डिरेक्टरीत लिहिण्याची विशेष मुभा दिलेली होती. त्याच डिरेक्टरीत गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही होती. तपासणीचा मजकूर कोणत्या फाइलीत उतरवावा हे गिऱ्हाइकाने सांगावयाचे असे. कोणा एकाने बिलांच्या फाइलीचेच नाव सांगितले, आणि कंपायलरने ते इमानेइतबारे पाळून हिशेब पुसून टाकला. गिऱ्हाइकाला तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. परंतु आपण कोणाच्या अधिकाराने लिहीत आहोत, हे त्या बिचाऱ्याला कळण्याची सोयच नव्हती. फाइलीच्या नावाऐवजी गिऱ्हाइकाकडून सनदच मागितली असती, तर हा अनर्थ घडता ना.

सनदेची ती जुनी कल्पना युनिक्समध्ये शिरली ती मागील दाराने. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत एका प्रक्रियेने उघडलेली फाइल सॉकेटमार्फत दुसरीच्या हाती देण्याची सोय झाली, आणि मग घेणाऱ्या प्रक्रियेला ती फाइल स्वतः उघडण्याचा अधिकार असण्याचे कारण उरले नाही.

लिनक्सने निराळा मार्ग धरला. १९९९ च्या २.२ आवृत्तीत धन्याच्या सर्वाधिकाराचेच दोन डझनांहून अधिक तुकडे करण्यात आले, आणि त्यांनाही केपेबिलिटी हेच नाव देण्यात आले. डेनिस व व्हॅन हॉर्न यांच्या सनदेशी त्यांचे नाते नावापुरतेच, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यातील एक तुकडा ओळख बदलण्याच्या मुभेचा होता. सेंडमेल हा टपालाचा प्रोग्राम धन्याच्या अधिकाराने सुरू होई आणि गरज सरली की तो अधिकार सोडून देई. २००० साली असे उघडकीस आले, की सेंडमेल सुरू करण्यापूर्वी सामान्य वापरकर्त्याला नेमकी तीच मुभा काढून घेता येते. मग अधिकार सोडण्याची आज्ञा वरकरणी यशस्वी होई, अधिकार पूर्णपणे सुटत मात्र नसे, आणि सेंडमेल तर त्याची शहानिशाही करीत नसे. २.२.१६ या आवृत्तीत तो दोष दूर करण्यात आला.